कुंडीतला टोमॅटो : वाण कोणता घ्यावा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सभासदांपुढे केलेले भाषण)



गच्चीवर कुंड्या ठेवायला सर्वसाधारण सभेने एक वर्षापुरती परवानगी दिली आहे. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना गळतीची आणि वजनाची धास्ती वाटते, ती रास्तच आहे. परवानगी टिकवायची तर कुंड्या हलक्या आणि नीटनेटक्या हव्यात. त्याची सुरुवात बियाण्यापासूनच होते.

टोमॅटोच्या वाणांच्या मुख्य जाती दोन. पहिली बुटकी, झुडपासारखी. दोन-तीन फूट वाढते, थांबते आणि बहुतेक फळ थोड्या दिवसांत एकदम देते. दुसरी उंच; पाच-सहा फूट जाते आणि महिनोन्महिने थोडं थोडं फळ देत राहते. जन्म बँकेत गेला, म्हणून मी पहिलीला मुदत ठेव आणि दुसरीला मासिक व्याज म्हणतो.

मासिक व्याज कोणाला नको? पण उंच झाडाला १८ इंची कुंडी आणि भक्कम आधार लागतो, नाहीतर गच्चीवरच्या वाऱ्यात ते कुंडीसकट आडवं होतं. बुटक्याला १२ इंची कुंडी नि एक काठी पुरते. आता हिशेब बघा : त्याच आकाराच्या १८ इंची कुंडीत १२ इंचीच्या तिपटीहून जास्त माती मावते. हे ओझं स्लॅबवरच येणार! म्हणून गच्चीसाठी माझं मत बुटक्यालाच. मातीत कोकोपीट मिसळलं की वजन आणखी कमी होतं.

'पुसा अर्ली ड्वार्फ' हा बुटका वाण. 'पुसा रुबी' मात्र उंच वाढतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना दाद देत नाही. तो संकरित आहे, त्यामुळे घरचं बी धरू नका. पुढची पिढी तशीच निघेल याची हमी नसते. आणि 'चेरी' नावाला भुलू नका! फळ लहान म्हणजे झाड लहान असं नाही. बरेच चेरी वाण चांगले उंच जातात. पाकिटावर 'डिटरमिनेट' लिहिलं असेल तर झाड बुटकं, हे लक्षात ठेवा.

वाण कितीही चांगला असला तरी निदान सहा तास ऊन हवंच. बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरा. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळतात. पाणी रोज बेताने द्या. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की फळाचा बुडखा काळा पडतो आणि आपण उगाच बियाण्याला बोल लावतो. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालची फरशी वाळेल. कठड्यावर मात्र एकही नको. खाली मुलं खेळतात.

वर्षाने हा विषय पुन्हा सभेपुढे येईल. तेव्हा वरच्या मजल्याचं छत कोरडं असू द्या आणि त्या मंडळींच्या घरी टोमॅटोची पहिली टोपली पोचलेली असू द्या. मग ठराव बहुमताने नाही, एकमताने मंजूर होईल.