मोडीत घालण्याआधी



पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांत देवाजवळ चांदीची पळी सापडते.
कधी एखादा जड चमचा, कधी बाळाचं बोंडलं.
मोडीत घालण्याआधी ते जरा उलटून पाहा.

अमेरिकेत असे जुने चमचे जमवणारे हौशी लोक आहेत.
तिथले सुरुवातीचे कारागीर चक्क नाणी वितळवून चमचे घडवत.
मागे आपल्या नावाचा ठसा मारत.
त्या ठशावरून घडवणारा कळतो, काळही कळतो.

आपल्याकडेही राणीछाप रुपये आटवून वस्तू घडत.
पण त्यावर कोरलेलं नाव बहुधा घरच्या माणसाचं.
आजीचं, सुनेचं, कधी तारखेसकट.
सोनार वजनाचे पैसे देतो, नावाचे नाही!

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या.
दिवे, अडकित्ते, भांडी.
तो संग्रह त्यांनी 1975 साली महाराष्ट्र सरकारला दिला.
तेच आजचं राजा केळकर संग्रहालय.

म्हणून पुन्हा सांगते.
मोडीत घालण्याआधी उलटून पाहा, नाव वाचा.

आपली हवा दमट. चांदी काळवंडणारच.
रांगोळीनं खसाखसा घासू नका, अक्षरं झिजतात.
मऊ सुती कापडानं पुसा, कोरड्या कापडात गुंडाळा.
वर रबर मात्र लावू नका.
त्यातल्या गंधकानं चांदी आणखी काळी पडते.