एक टिचकी, तेरा ठोकळे

महाड तालुक्यातल्या तुडीलसारख्या गावात विज्ञान प्रदर्शनासाठी साखळी-यंत्र करायचं, तर सामान घरीच सापडतं. उभ्या चिरलेल्या बांबूची पन्हळ, गोट्या, करवंटी, सुतळी, लाकडी ठोकळे. गोटी पन्हळीतून घरंगळत करवंटीत पडते, वजनाने सुतळी ओढली जाते आणि पहिला ठोकळा कलंडतो. अशी अफाट यंत्रं अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग यांनी कागदावर रंगवली.

खरी नवलाई ठोकळ्यांची! पडणारा ठोकळा आपल्याहून दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो, हे लॉर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ साली मांडलं. पाच मिलिमीटरपासून सुरुवात केली, तर तेरावा ठोकळा सुमारे ६५ सेंटिमीटर उंच असतो. तो कोसळताना सुटणारी एवढी ऊर्जा पहिल्या ठोकळ्याला दिलेल्या टिचकीतून येत नाही. प्रत्येक ठोकळा उभा करताना आपण ती त्यात साठवलेली असते. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

मुलांनो, जुळवणी शेवटच्या टप्प्यापासून मागे करत या. प्रत्येक टप्पा वेगळा तपासा, मगच पुढचा जोडा. पावसाळ्यात पुठ्ठा सर्दावतो, म्हणून पन्हळ बांबूचीच घ्या. बांबू चिरताना मात्र मोठ्या माणसाला सोबत घ्या.