फेब्रुवारी १९२२ : एका महिन्याचें जग

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवसांत मागें वळून पाहण्याची रीत आहे. आपल्या वाडवडिलांनीं या धर्मग्रामासाठीं काय काय कष्ट उपसले, तें आमच्या आधींच्या वक्त्यांनीं आपणांस सांगितलेंच आहे. आम्ही आज आपणांस जरा दूर नेऊं इच्छितों. ते वाडवडील आपापल्या शेतांत खपत होते तेव्हां बाहेरच्या जगांत काय चाललें होतें, हें एका महिन्यापुरतें पाहावें, असा आमचा विचार आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील फेब्रुवारी १९२२ हा महिना आम्हीं त्यासाठीं निवडला आहे. अवघे अठ्ठावीस दिवस. परंतु त्यांत इतकें घडलें कीं, त्याचा हिशेब आजहि पुरा झालेला नाहीं.

पहिलें महायुद्ध थांबून तेव्हां सव्वातीन वर्षें झालीं होतीं. जवळ जवळ एक कोटि सैनिक त्यांत कामास आले होते. पाठोपाठ आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीनें आपल्या देशांतहि घरेंच्या घरें ओस पडलीं होतीं. युद्ध संपलें होतें, पण शांतता आली नव्हती. ती आणावी कशी, हाच त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्या एका महिन्यांत निरनिराळ्या ठिकाणीं त्या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं, आणि पुढील काळानें प्रत्येक उत्तराची कसून परीक्षा घेतली.

पहिलें उत्तर वॉशिंग्टनचें. १२ नोव्हेंबर १९२१ पासून तेथें भरलेली परिषद सोमवार, ता. ६ फेब्रुवारी रोजीं समाप्त झाली. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स व इटली या पांच राष्ट्रांनीं आपल्या मोठ्या युद्धनौकांना मर्यादा घालून घेतली. अमेरिका व ब्रिटन यांना प्रत्येकीं ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन, आणि फ्रान्स व इटली यांना प्रत्येकीं १,७५,००० टन, असें प्रमाण ठरलें. ठरलेले अपवाद सोडून दहा वर्षें नवी मोठी युद्धनौका बांधावयाची नाहीं, कोणतीहि नवी नौका ३५,००० टनांहून जड नसावी, आणि तोफेचें तोंड सोळा इंचांहून मोठें नसावें, असे निर्बंध मान्य झाले. या करारावर हिंदुस्थानच्या वतीनें श्रीनिवास शास्त्री यांची सही आहे.

बलाढ्य राष्ट्रांनीं आपण होऊन आपलीं जहाजें मोडींत काढावीं, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कराराला फटी होत्या. क्रूझर, विनाशिका व पाणबुड्या यांच्या संख्येवर बंधन नव्हतें. म्हणून चढाओढ तिकडे वळली. ज्या मोठ्या नौका अर्ध्या बांधून झाल्या होत्या, त्यांपैकीं कांहींचें विमानवाहू नौकांत रूपांतर करण्याची मुभा होती. त्या मुभेनुसार जपाननें ‘अकागी’ व ‘कागा’ या दोन नौका सिद्ध केल्या. आणि डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर जीं विमानें तुटून पडलीं, त्यांतील कित्येक याच दोन नौकांवरून उडालीं होतीं. शिवाय पांचास तीन हें प्रमाण जपानांतील अनेकांना अपमानासारखें डाचत राहिलें. १९३४ च्या अखेरीस जपाननें नोटीस दिली आणि १९३६ च्या अखेरीस करार संपुष्टांत आला. हिशेबानें आलेली शांतता हिशेब बदलतांच गेली.

दुसरें उत्तर हेग शहराचें. १५ फेब्रुवारीस तेथील शांतिप्रासादांत आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाचें उद्घाटन झालें. हा प्रासाद अमेरिकन धनिक कार्नेगी यांच्या देणगींतून उभा राहून १९१३ मध्यें खुला झाला होता, आणि दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, हें एक दैवाचें विचित्र विडंबनच. आतां तेथें अकरा न्यायाधीश व चार उपन्यायाधीश यांची योजना झाली. राष्ट्रांनीं आपले तंटे तोफांनीं न सोडवितां कायद्यानें सोडवावे, ही कल्पना उदात्त होती. पण उभय पक्षांची संमति असल्यावांचून या न्यायालयाला तंटा ऐकतां येत नसे. आपल्यांतील ज्यांनीं शेताच्या बांधावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांनीं क्षणभर कल्पना करावी : प्रतिवादी म्हणतो, ‘आम्हांस हें कोर्टच मान्य नाहीं,’ आणि न्यायाधीश दप्तर मिटतो! तेथें असेंच होई. तरीहि हें काम वायां गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्यें तें न्यायालय विसर्जित झालें, पण त्याच प्रासादांत त्याची जागा नव्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें घेतली, आणि तें आजहि चालू आहे. झाड जळालें, तरी मूळ जिवंत राहिलें.

तिसरें उत्तर ईजिप्तला मिळालें. २८ फेब्रुवारीस ब्रिटिश सरकारनें ईजिप्त स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें. मात्र त्याच घोषणेंत चार गोष्टी ब्रिटननें आपल्या हातीं राखून ठेवल्या : साम्राज्याच्या दळणवळणाची सुरक्षितता, ईजिप्तचें संरक्षण, परकीयांचे व अल्पसंख्यांकांचे हितसंबंध, आणि सुदान. दळणवळण म्हणजे मुख्यतः सुवेझचा कालवा. मुंबईहून विलायतेस जाणारी आगबोट तेथूनच जात असे. ज्यांच्या मागें देश उभा होता ते नेते झगलूल पाशा या वेळीं हद्दपारींत होते. घर तुमचें, पण किल्ल्या आमच्याकडे, अशा जातीचें हें देणें होतें. त्या चार किल्ल्यांवरून पुढें चौतीस वर्षें भांडण चाललें, आणि शेवटचा ब्रिटिश सैनिक कालव्याच्या कांठावरून जून १९५६ मध्यें निघाला. एका हातानें द्यावें आणि दुसऱ्या हातानें धरून ठेवावें, तर घेणाराचें समाधान होत नाहीं आणि देणाराला यश येत नाहीं.

आतां रशिया. तेथें व्होल्गा नदीच्या खोऱ्यांत भीषण दुष्काळ पडला होता. त्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें दगावलीं असा अंदाज आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस सोव्हिएत सरकारनें हुकूम काढला कीं, भुकेल्यांसाठीं धर्ममंदिरांतील सोन्यारुप्याच्या वस्तु जप्त कराव्या. भुकेल्याला अन्न देण्यासाठीं देवळांतील रुपें वितळवावें, यांत वास्तविक कांहीं वावगें नाहीं. प्राचीन काळीं संत अँब्रोज यांनीं बंदिवानांच्या सुटकेसाठीं पवित्र पात्रें वितळविलीं होतीं. पण आपण होऊन देणें निराळें आणि हिसकावून घेणें निराळें. या जप्तीच्या पाठोपाठ धर्मगुरूंवर खटले भरण्यांत आले आणि कित्येकांना देहान्त शासन झालें. ज्या ६ फेब्रुवारीस वॉशिंग्टन येथें सह्या झाल्या, त्याच दिवशीं मॉस्कोंत ‘चेका’ ही गुप्त पोलिसांची संस्था रद्द करून तिच्या जागीं ‘गेपेऊ’ नांवाची नवी संस्था स्थापण्यांत आली. पाटी बदलली, काम तेंच राहिलें. दुसऱ्याच्या त्यागावर आपली न्यायबुद्धि मिरविणें, हें त्या महिन्याचें चौथें उत्तर होय. त्यानें शांतता आली नाहीं, हें सांगावयास नकोच.

यापुढचें उत्तर आपल्याच देशांतलें, आपल्याच मुंबई इलाख्यांतलें. सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुक्यांत सामुदायिक कायदेभंगाची सर्व सिद्धता झाली होती. १ फेब्रुवारीस महात्मा गांधींनीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना निर्वाणीचें पत्र धाडलें होतें. इतक्यांत ४ फेब्रुवारीस दूर गोरखपूर जिल्ह्यांत चौरीचौरा येथें विपरीत घडलें. पोलिसांनीं मिरवणुकीवर गोळीबार केला, माणसें पडलीं, आणि खवळलेल्या जमावानें पोलिस ठाण्याला आग लावली. त्यांत बावीस पोलिस प्राणांस मुकले. वार्ता कळतांच गांधींनीं बारडोलीस कार्यकारिणीची बैठक बोलाविली, आणि १२ फेब्रुवारीस सारी चळवळ तहकूब केली. स्वतः त्यांनीं पांच दिवसांचें उपोषण आरंभिलें.

या निर्णयानें देश थक्क झाला. तुरुंगांत असलेले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय यांच्यासारखे पुढारी संतापले. शेंकडों मैलांवरील एका गांवच्या अपराधासाठीं साऱ्या देशाच्या लढ्याला कां थांबवावें, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदींच गैर होता असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु आपल्या समाजाला एक गोष्ट विसरतां येणार नाहीं. तीनच महिन्यांपूर्वीं, १७ नोव्हेंबर १९२१ रोजीं, इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले तेव्हां शहरांत दंगल उसळली होती, आणि तींत पारशी व ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले होते. त्याहि वेळीं गांधींनीं मुंबईंत उपोषण केलें होतें. अहिंसेचें व्रत सुटलें म्हणजे पहिला घाव दुबळ्यावर आणि संख्येनें थोड्या असलेल्यांवर बसतो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. बारडोलीचा निर्णय त्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

त्याची किंमत मोठी पडली. १० मार्चला गांधींना अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादेस सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगांत झाली. चौरीचौऱ्याच्या खटल्यांत एकोणीस जण १९२३ मध्यें फांसावर गेले. चळवळ मंदावली, कार्यकर्ते हताश झाले. पण आठ वर्षांनीं, मे १९३० मध्यें, धारासना येथील मिठागरांवर सत्याग्रही रांगेनें पुढें गेले, मस्तकावर लाठ्या घेत खालीं कोसळले, आणि त्यांनीं प्रतिकाराचा हात उगारला नाहीं. बारडोलीस जें थांबणें झालें, तेंच धारासनाच्या वेळीं बळ होऊन उभें राहिलें, असें आमचें मत आहे.

शेवटीं रोमकडे वळूं. २२ जानेवारीस पोप पंधरावे बेनेडिक्ट दिवंगत झाले होते. महायुद्धाच्या ऐन भरांत, १ ऑगस्ट १९१७ रोजीं, त्यांनीं लढणाऱ्या राष्ट्रांना तहाचें आवाहन केलें होतें आणि कोणींच तें मनावर घेतलें नव्हतें. २ फेब्रुवारीस निवडणुकीसाठीं त्रेपन्न कार्डिनल एकत्र बसले. अमेरिकेहून निघालेले कार्डिनल आगबोटीनें येईपर्यंत वेळ टळून गेली. चौदाव्या मतदानांत, त्याच ६ फेब्रुवारीच्या सोमवारीं, मिलानचे महागुरुस्वामी आकिले रात्ती निवडले गेले. हे मूळचे ग्रंथपाल. पण १९२० मध्यें बोल्शेव्हिक सैन्य वॉर्साच्या वेशीशीं आलें, तेव्हां पोपांचे प्रतिनिधि म्हणून ते तें शहर न सोडतां तेथेंच राहिले होते. त्यांनीं अकरावे पायस हें नांव घेतलें.

१८७० मध्यें इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें, तेव्हांपासून पोप व इटलीचें राज्य यांत वैर होतें. नवा पोप आपला पहिला आशीर्वाद संत पेत्राच्या मंदिराच्या आंतूनच देई. नगराकडे तोंड असलेल्या बाहेरच्या सज्ज्याचें दार मिटलेलें राही. तीन पोप असेच झाले. अकराव्या पायस यांनीं प्रथम कार्डिनलांसमोर स्पष्ट सांगितलें कीं, ख्रिस्तसभेचे हक्क आपण सोडणार नाहीं. पण हा आशीर्वाद रोमला, इटलीला आणि साऱ्या जगाला शांततेची खूण म्हणून मिळावा. मग दार उघडलें, आणि पन्नासांहून अधिक वर्षांनीं पोप त्या सज्ज्यांत उभे राहिले. समोरच्या पक्षानें तोंवर कांहींच दिलें नव्हतें. हक्क न सोडतां त्यांनीं रुसवा मात्र सोडला.

त्यानंतर सात वर्षांनीं, ११ फेब्रुवारी १९२९ रोजीं, लॅटरन करार झाला. एकेकाळीं मध्य इटलीभर राज्य असलेल्या पोपांनीं अवघ्या ४४ हेक्टरांवर समाधान मानलें. करार करणारें सरकार मुसोलिनीचें होतें, आणि १९३१ मध्यें त्याच सरकारशीं कॅथोलिक तरुणांच्या संघटनांवरून मोठा खटका उडाला, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु मुसोलिनी गेला, राजा गेला. प्रजासत्ताक इटलीनें १९४७ च्या घटनेंत तो करार मान्य केला, आणि ते ४४ हेक्टर आजहि स्वतंत्र आहेत.

सज्जनहो, हीं सर्व उत्तरें एका ओळींत मांडलीं म्हणजे एक गोष्ट दिसते. प्रत्येक ठिकाणीं कोणाला तरी हातांतलें कांहीं खालीं ठेवावयाचें होतें. कोणीं मोजूनमापून ठेवलें, कोणीं अर्धें ठेवून अर्धें राखलें, कोणीं दुसऱ्याच्या हातांतून ओढून घेतलें. समोरच्याची हमी मिळण्यापूर्वीं ज्यांनीं आपलें खालीं ठेवलें, ते दोघेच : एक बारडोलींत, एक रोममध्यें. दोघांनाहि तत्काळ फळ मिळालें नाहीं, आणि दोघांनींहि जगाचें दुसरें महायुद्ध टाळलें नाहीं. १० फेब्रुवारी १९३९ रोजीं अकरावे पायस निवर्तले आणि सातव्या महिन्यांत तोफा पुनः धडाडल्या. पण त्या दोघांनीं जें पेरलें तें उगवलें, हें आपण पाहतोंच.

आपल्या हातीं युद्धनौका नाहींत, कीं साम्राज्यें नाहींत. पण हातभर बांधासाठीं दोन पिढ्या न बोलणारे सख्खे भाऊ आपल्या धर्मग्रामांत आहेत. एकाच बांकावर बसून एकमेकांकडे न पाहणाऱ्या जावा आहेत. त्यांनीं आपला न्याय्य हक्क सोडावा, असें आम्ही म्हणत नाहीं. हक्क राखूनहि दार उघडतां येतें, हें आतांच आपण ऐकलें. पहिलें पाऊल कोणीं टाकावें, एवढाच प्रश्न असतो. आणि तो ज्याच्या मनांत येतो, त्यानेंच तें टाकावें. या महोत्सवांत असें एक जरी दार उघडलें, तरी रोषणाईवर झालेला खर्च सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.

 परमेश्वर आपणां सर्वांस शांति देवो.