उतार कुठे आहे, ते आधी बघा
(केळझर इथे तरुण मुला-मुलींच्या बैठकीत केलेलं भाषण)

मला भाषण करायची सवय नाही. मी शिलाई करते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांचे शाळेचे गणवेश माझ्याच मशीनवर झालेत. 'मोहल्ला सुधारायचा तर काय करावं, ते आपा, तुम्ही सांगा' असं म्हणालात, म्हणून उभी आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई संध्याकाळी नालीवरच्या फरशीवरून घसरल्या. गल्लीच्या तोंडाचा दिवा बंद होता. खुब्याचं हाड मोडलं. त्या अजून वॉकर घेऊन चालतात. मी महिनाभर जो भेटेल त्याला तेच सांगत होते. दुकानात सांगितलं, बसमध्ये सांगितलं, लग्नात सांगितलं. एक दिवस माझ्याच मुलीने विचारलं, "अम्मी, हे लिहून कुणाला दिलं का?" नव्हतं दिलं. 15 ऑगस्टला ग्रामसभा झाली तेव्हा मी कुठे होते? घरी, ब्लाउजला हुक लावत होते.

आपल्या सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. 11 डिसेंबर 2022 ला त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. त्या रस्त्यावर गाडी किती पळते याच्या गप्पा आपण तासन् तास करतो. आणि घरापासून किराणा दुकानापर्यंत म्हातारी बाई धड चालू शकत नाही, याची गप्पा कुणी करत नाही.

मी लग्नानंतर अकरा वर्षं शहरात भाड्याने राहिले. तिथे आमच्या वस्तीला पाणी हवं असलं की कुणीतरी ओळखीचा शोधावा लागे. प्रत्येक मतदाराला बसता येईल, बोलता येईल अशी सभा मला तिथे कधी दिसली नाही. गावात ती कायद्याने आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे आपल्याएवढ्या गावाला शंभर. पण ऐका, कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला कोरमची अटच नाही. जे येतील ते ठरवतील. आपण गेलो नाही म्हणून काही थांबत नाही, फक्त आपल्याशिवाय ठरतं. मग आपण ओट्यावर बसून म्हणतो, आमच्याकडे कुणी बघत नाही.

2 ऑक्टोबरला मी गेले. आमच्या गल्लीतल्या आणखी दोघी सोबत होत्या, एकटीने जायची हिंमत नव्हती. मी कागद वाचला: आमच्या गल्लीत पक्की नाली करावी, रस्त्याच्या बाजूने काढावी, दिवा लावावा. वाचून बसले, तर वरच्या गल्लीतल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "भाभी, तुमची नाली उंच झाली त आमचं पाणी कुठं जाईन?"

मला आधी रागच आला. वाटलं, आमचं काम निघालं की हे आडवे येतात. रात्री लक्षात आलं की बाई बरोबर बोलल्या. त्यांचं पाणी आमच्याकडूनच जातं.

तेव्हा तुमच्यातली चार पोरं कामाला लागली. गवंड्याची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं. दोन्हीकडे पाणी एका पातळीला थांबतं, तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. इतकं सोपं. दर दहा पावलांवर मोजलं, वहीत लिहिलं. आणि कळलं काय? आमच्या गल्लीचा उतार रस्त्याकडे नाहीच. तो मागच्या नाल्याकडे आहे. म्हणजे मी भर सभेत उलट्या दिशेची नाली मागून आले होते! ती झाली असती, तर पहिल्याच पावसात वरच्या गल्लीचं पाणी माझ्याच दारात तुंबलं असतं.

हे शिक्षण आपल्या जिल्ह्याला नवं नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. तिथून नई तालीमचा अभ्यासक्रम करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन. तेच पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले. मुलाने हाताने काम करत, आपल्या आजूबाजूच्या गोष्टींतून शिकावं, हा त्याचा गाभा. आपल्याकडे झाकीर हुसेन यांचं नाव फक्त सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत येतं. त्यांचं काम वर्ध्यात सुरू झालं, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

मग दुसरा अर्ज केला, दोन्ही गल्ल्यांचा मिळून. सह्यांमध्ये शेख, पठाण, मेश्राम, वानखेडे, कुंभारे सगळे आहेत. 'मुस्लिम मोहल्ल्याची नाली' असं त्यात कुठेही लिहिलं नाही, कारण पाणी तसं वाहत नाही. पैशाचंही शोधलं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. अर्ज करताना काम कोणत्या पैशातून होऊ शकतं हे लिहिलं, की बोलणं पुढे सरकतं.

आता थोडं कडू. मोजताना नालीतून काय निघालं, ते पोरांनी पाहिलंय. थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, बिर्याणीची हाडं. कुणाच्या लग्नातली? आपल्याच. माझ्या पुतण्याच्या लग्नातलीही असतील, मी नाही म्हणत नाही. मांडव रस्त्यावर, डीजे रात्री उशिरापर्यंत, आणि शेजारची मुलगी दहावीला. त्यासाठी कोणत्याही सभेचा ठराव लागत नाही. ज्याच्या घरी लग्न, त्याने दुसऱ्या सकाळी गल्ली झाडून द्यायची, एवढं ठरवू या. बघा, पटतं का.

मुलींनो, दिव्याचा मुद्दा तुम्हीच मांडा. शिकवणीवरून अंधारात तुम्ही येता. त्या अंधाराबद्दल काकांनी बोलण्यापेक्षा तुम्ही बोललेलं वेगळं ऐकू येतं.

सगळं एका वहीत ठेवलंय: कोणता अर्ज, कोणत्या तारखेला, पोच मिळाली का, सभेच्या इतिवृत्तात शब्द आला का. मागच्या वेळी 'नाली' आली आणि 'दिवा' राहिला. आता तो लिहून घ्यायचा आहे, आणि लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायचं आहे.

1 मेच्या सभेला जायचंय. सकाळी साडेनऊला माझ्या ओट्यावर या, वही तिथेच आहे. आणि ती नळी ज्याच्याकडे राहिली असेल त्याने घेऊन या, गवंडी दोनदा मागून गेला.