आतड्यांतले कामकरी



पगार, भत्ते आणि पाळ्या यांविषयी बोलण्यात आमची हयात गेली. मग आज आम्ही पोटातल्या जिवाणूंची कथा का लावावी, असे आपणांस वाटेल. परंतु तळोज्याच्या कारखान्यांत पाळी करणारी आणि पहाटे मानसरोवर स्थानक गाठणारी माणसे या कामोठ्यातच राहतात. त्यांचा डबा हा आम्ही मजुरीइतकाच मोलाचा प्रश्न मानतो.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात. त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात. मैदा आणि साखर लहान आतड्यातच पचून जातात. या मंडळींपर्यंत पोचतो तो मुख्यतः चोथा. तो फोडण्याचे सामर्थ्य आपल्या पाचक रसांत नाही, त्यांच्यात आहे. चोथा आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट तयार करतात. आणि ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन होय.

सगळाच चोथा सारखा नव्हे. जो निवडक हितकर जिवाणूंना पोसतो, त्यास 1995 साली गिब्सन आणि रोबरफ्रॉइड यांनी ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. नाव परदेशी, पण माल घरचाच! कांद्या-लसणातील इन्युलिन हे त्याचे ठळक उदाहरण. कडधान्यांतील काही शर्करा, कच्च्या केळ्यातील आणि शिजवून निवलेल्या भातातील न पचणारा स्टार्च, हेही जिवाणूंचेच खाद्य.

आणि चोथा तोडला तर? उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की उपाशी जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्माच खाऊ लागतात. कच्चा माल बंद झाला म्हणजे कामकरी भिंतीच पोखरू लागतात, असे म्हणा ना!

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि वीस ग्रामीण दक्षिण आफ्रिकी माणसांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. भरपूर चोथा मिळालेल्या अमेरिकनांत ब्युटिरेट वाढले, तर आफ्रिकी मंडळींत ते घटले. म्हणजे बिघाड व्हायला पंधरवडा पुरतो, तसा सुधारणेचा आरंभ व्हायलाही पुरतो.

यासाठी महागडी भुकटी नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली प्रौढांस रोज किमान 25 ग्रॅम चोथा सुचविला. उसळ, भाकरी, भाजी आणि फळ यांतून तो मिळू शकतो. मात्र एकदम वाढवाल तर पोट फुगेल. हळूहळू वाढवावा, पाणी प्यावे, आणि आतड्याचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारावे.

परंतु रात्रपाळीच्या मध्यान्ही जिथे वडापाव आणि बिस्कीट एवढेच मिळते, तिथे हा उपदेश काय कामाचा? 1948 च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे करण्याची तरतूद केली, ती कामगाराच्या पोटाकडे पाहूनच. तेव्हा तिथे उसळ-भाकरी परवडेल अशा दरात मिळावी, हे कलम मागणीपत्रात पगाराच्या कलमाशेजारी बसले पाहिजे. आमच्यापुरते आम्ही ते बसविणार आहोत. आपण साथ द्यावी, एवढीच विनंती.