उघड्यावरच्या माणसाची संमती

बेघर माणसाचे छायाचित्र न विचारता काढण्याच्या समर्थनार्थ पहिला दाखला दिला जातो तो सार्वजनिक जागेचा. रस्ता सर्वांचा, तेव्हा रस्त्यावर दिसेल ते टिपायला मुभा! भारतात सार्वजनिक ठिकाणी प्रौढ माणसाचे छायाचित्र घेण्यावर सरसकट बंदी नाही, हे खरे. पण घर असलेला माणूस झोपतो, आंघोळ करतो, भांडतो, रडतो ते दाराआड. 2011 च्या जनगणनेने बेघर म्हणून नोंदवलेल्या सुमारे 17 लाख 73 हजार लोकांना हे सारे चारचौघांत उरकावे लागते. म्हणजे भाडे भरेल त्यालाच खाजगीपण, असा हा हिशेब. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून हा हक्क संपत नाही, तो जागेला नव्हे तर व्यक्तीला जोडलेला असतो, असे त्या निकालपत्रातच म्हटले आहे.

दुसरा दाखला कलेचा. विचारले की सहजता गेली, असे म्हणतात. निदान वर्धा जिल्ह्यात तरी कुणी असे बोलू नये. याच जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या नात्यातल्या कनू गांधींनी कॅमेरा हाती घेतला तेव्हा गांधीजींनी तीन अटी घातल्या होत्या. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही आणि खर्च आश्रमावर टाकायचा नाही. (कॅमेऱ्याचे पैसे घनश्यामदास बिर्लांनी दिले.) ती छायाचित्रे कमालीची सहज आहेत आणि ती चोरून काढलेली नाहीत. ओळख झाली, विश्वास बसला, की माणूस कॅमेरा विसरतो. अटी घालण्याची ताकद महात्म्याकडे होती. वर्धा स्थानकाबाहेर पथारी टाकणाऱ्याकडे ती नसते, आणि नेमका त्याचाच फायदा उठवला जातो.

त्याच आश्रमातले 1940 च्या सुमाराचे एक छायाचित्र सर्वपरिचित आहे. त्यात गांधीजी कुष्ठरोगाने आजारी असलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत आहेत. असा रोगी गावाबाहेर काढला जाण्याचा तो काळ. तरी त्या चित्रातल्या रुग्णाला नाव आहे. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित होते, येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले होते, आश्रमात त्यांची वेगळी कुटी होती. हेच चित्र आजच्या प्रदर्शनात लागले असते तर खाली नुसते ‘वेदना’ लिहिलेले असते. ‘भूक’, ‘वेदना’ आणि ‘प्रतीक्षा’ या तीन शब्दांवर बंदी घातली तर निम्म्या भिंती रिकाम्या पडतील.

तिसरा दाखला जागृतीचा, आणि तो सर्वांत साळसूद आहे. चित्र पाहून लोक मदतीला धावतात म्हणे. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका मजूर आईचे छायाचित्र घेतले. ते छापून आल्यावर छावणीकडे धान्य रवाना झाले, पण ते पोचेपर्यंत ते कुटुंब पुढे निघून गेले होते. लँगनी बाईचे नावही विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले 1978 मध्ये, आणि तेव्हा तिने या छायाचित्राबद्दल नाराजीच व्यक्त केली. लँग निदान सरकारी कामावर होत्या, त्यांच्या चित्राने धान्य तरी हलले. स्पर्धेच्या चषकासाठी काढलेल्या चित्राने काय हलते?

कायद्याकडेही काणाडोळा होतो. रस्त्यावर राहणारे किंवा भीक मागणारे मूल 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले’ ठरते. कलम 74 प्रमाणे त्याची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्यांचे संकट निराळे. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना भीक मागून जगत असल्यासारखे सार्वजनिक जागी वावरणेही त्याच्या व्याख्येत बसते. चेहरा, चौक आणि वेळ दाखवणारे चित्र त्या माणसाला गजाआड धाडायला उपयोगी पडू शकते.

शिवाय ‘बेघर’ हे ठरवले कुणी? पहाटे फलाटावर चपलांवर टॉवेल गुंडाळून त्याची उशी केलेला, पिशवीचा बंद मनगटाला बांधलेला माणूस सेवाग्रामच्या रुग्णालयात भरती असलेल्याचा भाऊ असू शकतो, किंवा कापूस वेचणीला निघालेला मजूर. गावी त्याचे घर असते आणि घरात मोबाइल असतो. चित्र तिथवर पोचते.

झोपलेल्याला, नशेत असलेल्याला, मनोरुग्णाला नकार देता येत नाही, म्हणून त्यांच्यावर कॅमेरा रोखूच नये. इतरांच्या बाबतीत क्षण आधी टिपला तरी नंतर जवळ जाऊन पडद्यावर चित्र दाखवता येते, ते कुठे लागणार हे सांगता येते आणि नको म्हटल्यास तिथल्या तिथे पुसता येते. स्पर्धांच्या परीक्षकांनी प्रवेशिकेत संमतीचा रकाना घालावा व तो कोरा असल्यास चित्र बाद करावे. ज्यांची संमती आता मिळणे शक्य नाही अशी जुनी चित्रे संग्रहात राहू द्यावीत. प्रदर्शनातून आणि समाजमाध्यमांवरून ती उतरवावीत.