तिरका कॅमेरा आणि आपली गल्ली

जमलं तर १९४९ चा 'द थर्ड मॅन' पाहा. युद्धानंतरचं व्हिएन्ना, रात्रीचे ओले दगडी रस्ते आणि सतत कलता कॅमेरा. त्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं. कुणावर भरवसा ठेवावा हे नायकाला कळत नाही, आणि चौकट कलली की ती अस्वस्थता आपल्यालाही लागते. अशा सिनेमांनी डोळ्यांना सवय लावली: तिरकं म्हणजे धोका. माझ्या धंद्यात याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. ते बदलता येतं.

आता रमजानच्या रात्री मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत हाच कोन लावा. दिव्याचा झोत, लांब सावली, काळी आकृती. फोटो झकास! पण गल्ली गुन्ह्याची जागा वाटते. आपले मोहल्ले असे दाखवणारे आधीच पुष्कळ आहेत.

म्हणून तिरका कोन सोडायचा का? मुळीच नाही. अलेक्झांडर रोडचेंकोने १९२५ मध्ये मॉस्कोतल्या एका इमारतीच्या बाल्कन्या खालून, तिरक्या टिपल्या. रोजची इमारत नव्याने दिसावी, एवढंच त्याला हवं होतं.

माझ्या मते खरा खेळ उजेडाचा आहे. चेहरा काळोखात गेला की माणूस कुणीही होतो, संशयितसुद्धा. मालपुवा तळणाऱ्याला आधी विचारा. दिवा तुमच्या पाठीमागे, त्याच्या तोंडावर उजेड. आयएसओ १६००, शटर १/६०. मग कॅमेरा कढईच्या बाजूला हवा तेवढा कलवा. आणि फोटो त्याला व्हॉट्सअॅपवर नक्की पाठवा.